सातव्या गाण्याची चूक

एकतीस वर्षं एकाच हॉटेलच्या एकाच कोपऱ्यात एकच पियानो वाजवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? कोपऱ्यातले काका. आधी वेटर म्हणायला लागले, मग स्वयंपाकघरातले, शेवटी मॅनेजरही. खरं नाव पगाराच्या पाकिटावर तेवढं असायचं, आणि काका ते पाकीट न वाचता खिशात घालायचे. तेव्हा आपणही काकाच म्हणू. त्यांची हरकत नसेल. हरकत घेणं हा प्रकार त्यांना आयुष्यात कधी जमलाच नाही.

काम सोपं होतं असं ज्याला वाटतं त्याने आठवडाभर करून बघावं. संध्याकाळी सहा ते दहा, हलकंफुलकं जॅझ. मॅनेजरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पियानो कानावर पडला पाहिजे, पण कोणी तो ऐकत बसता कामा नये." आणि दुसरं म्हणजे मध्ये थांबायचं नाही. पियानो थांबला की लोक सूपमधून मान वर काढतात, घड्याळ बघतात आणि बिल मागवतात. म्हणून काकांची एक चाल संपायच्या आतच दुसरीत शिरायची, दुसरी तिसरीत. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर टाळ्या दोनदा वाजल्या. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकसाठी आणि एकदा गेलेली वीज परत आली म्हणून.

कोणी ऐकत नाही याचा काकांनी एक फायदा करून घेतला. दोन गाजलेल्या चालींच्या मध्ये ते स्वतःची एखादी चाल हळूच सरकवून द्यायचे. गर्दीत बिनतिकिटाचा माणूस घुसतो तशी. अशा नऊ चाली झाल्या. बायकोला त्या माहीत होत्या, पण ती जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. मग हॉटेलने कोपऱ्यात स्पीकर बसवले आणि काकांना निरोपाची भेट म्हणून चाकांची बॅग दिली. कुठे जायचं ते काही सांगितलं नाही.

काका घरी आले आणि घरीच राहिले. दोन खोल्या, पुढच्या खोलीत अर्धी जागा जुन्या उभ्या पियानोने खाल्लेली, खिडकीपर्यंत जायचं तर अंग तिरकं करून जावं लागे. उगाच फिरवून फिरवून सांगण्यात अर्थ नाही, काका एकटे होते. एकटे म्हणजे किती? तर दुकानात पाव मागायला तोंड उघडावं आणि आवाजच फुटू नये, मग लक्षात यावं की परवापासून आपण कोणाशी बोललेलोच नाही. दुकानदार म्हणायचा, "घसा बसलाय वाटतं." काका म्हणायचे, "हो, हवा बदललीय ना." हवा बिचारी होती तशीच होती.

त्यांना एकच लेक. वय चौतीस, राहायला दोन बस बदलून जावं लागेल इतकी लांब. ती कृत्रिम दात बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत प्लास्टरच्या जबड्यांवर मेणाचे दात बसवायचे, घासायचे, रंग जुळवायचे. दात बनवता बनवता ती गायची, आणि गाणं इतकं चांगलं की शेजारच्या टेबलावरचे लोक आपली घासायची मशिनं बंद करून ऐकायचे. लग्न केलं नव्हतं. "दात दाखवायला येणारे खूप, पण दुसरं काही दाखवत नाहीत," असं म्हणून हसायची. बापाला दर बुधवारी फोन आणि महिन्यातून एकदा धावती भेट. तीही वाईट नव्हती हो. ज्याला कामधाम आहे त्याचं आयुष्य असंच असतं.

अशाच एका भेटीत ती कप विसळत होती आणि काका पुढच्या खोलीत आपली एक चाल वाजवत होते. आतून तिने गुणगुणायला सुरुवात केली. गुणगुणता गुणगुणता त्यात शब्द आले. लिफ्ट बंद पडलीय, दोघं जिने चढतायत, तिसऱ्या मजल्यावर दम लागलाय आणि दोघांनाही वर पोचायची घाई नाहीये, असलं काहीतरी. काकांचे हात थबकले.

"बाबा, हे कोणाचं आहे?" तिने विचारलं.

"कोणाचं नाही. माझंच."

ती फेसाचे हात घेऊन बाहेर आली. "तुमचं म्हणजे? तुम्ही केलंय? असं अजून किती आहे?"

"आहेत आठेक," काका चोरी पकडल्यासारखे म्हणाले.

आणि असा तो अल्बम ठरला. चाली बापाच्या, शब्द आणि आवाज लेकीचा. नऊ गाणी.

रेकॉर्डिंगची खोली होती शिवणकारखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. खाली सहा दिवस चाळीस मशिनं चालायची आणि वरची जमीन थरथरायची, म्हणून रेकॉर्डिंग फक्त रविवारी. खोली चालवणारा माणूस मितभाषी, दर टेकच्या आधी बोट वर करून तेवढं "शांतता" म्हणायचा. काकांनी दुसऱ्याच आठवड्यात त्याचं नाव शांतताराम ठेवलं आणि लेक इतकी हसली की तो टेक वाया गेला.

शांततारामचं म्हणणं होतं, आधी पियानो घेऊ, मग त्यावर आवाज चढवू, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला भोवणार नाही. काका म्हणाले, नाही. गाणाऱ्याचा श्वास दिसल्याशिवाय मला वाजवता येत नाही. मग दोघं एकाच खोलीत, समोरासमोर. पियानोचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरायचा, तिचा पियानोच्या माइकमध्ये. म्हणजे एक चुकला की दोघांचंही गेलं. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं पुढे इथेच पेंड खाणार आहे.

पहिली अडचण भलतीच निघाली. काकांना गाणं संपवता येईना. एकतीस वर्षं संपवलंच नव्हतं ना. लेकीचा शेवटचा सूर संपला तरी यांची बोटं पुढच्या चालीच्या दारात उभी. पहिल्याच रविवारी सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी लेक दमून म्हणाली, "असू दे बाबा, पुढच्या रविवारी परत घेऊ." मग तिघांनी समोरच्या हॉटेलात जेवण केलं, लेक काकांना घरी सोडायला आली, संध्याकाळपर्यंत थांबली, दिवे लागल्यावर गेली.

काका त्या दिवशी झोपले ते लहान मुलासारखे. अख्खा रविवार माणसांत गेला होता.

गाणी होऊ लागली. संपवणंही जमलं. कधी एका रविवारी एक, कधी एकाला दोन रविवार, असं करत तीन महिन्यांत सहा गाणी झाली. काकांचा आठवडा आता रविवारपासून सुरू होऊन रविवारी संपायचा, मधले दिवस नुसते भरीला. शनिवारी ते बूट पुसायचे. दुकानदाराने एकदा म्हटलंही, "काका, घसा सुटला तुमचा."

सहावं गाणं झालं त्या दिवशी लेक बसमध्ये बोटं मोजत म्हणाली, "राहिली तीन. असंच चाललं तर दीड महिन्यात मोकळे आपण."

मोकळे. काय शब्द आहे. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मोकळे झालो की पुन्हा बुधवारचा फोन आणि महिन्याची धावती भेट. गाणी संपली की पोरगी कशाला येईल दर रविवारी दोन बस बदलून? आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सरळ म्हटलं असतं, "बाळ, गाणी संपली तरी येत जा." पण सरळ बोलणारा माणूस एकतीस वर्षं कोपऱ्यात बसत नाही.

सातवं गाणं तेच, लिफ्ट बंद पडलेलं. पहिला टेक सुरेख चालला आणि शेवटच्या चार ठेक्यांत काकांच्या डाव्या हाताची करंगळी शेजारच्या पट्टीवर पडली. ही चूक खरी होती की नाही हे काकांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. पुढच्या दोन टेकमधल्या मात्र खोट्या होत्या. लेक म्हणाली, "असू दे, पुढच्या रविवारी," आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

मुद्दाम चुकणं सोपं नसतं बरं का. नवशिक्या चुकतो ते लगेच कळतं, पण मुरलेला माणूस चुकला तर ती चूकही मुरलेली दिसायला हवी. काका शनिवारी घरी बसून चुकांचा सराव करायचे. कुठे बोट घसरलं तर खरं वाटेल, कुठे नुसती डावी बाजू केसभर मागे पडली तरी टेक जाईल, सगळं मोजूनमापून. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचताही येत होतं, अंगणही सरळ होतं, आणि म्हातारा पाय मुरगळायची तालीम करत होता.

सातव्या गाण्याच्या तिसऱ्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली. लेक त्या दिवशी कशी कोण जाणे, पण अशी गायली की काकांनी उभ्या आयुष्यात तसं ऐकलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दम लागतो ती ओळ तिने जवळजवळ बोलूनच टाकली, सूर नुसता हाताला लागावा इतपत. काचेपलीकडे शांतताराम डोळे मिटून बसला होता. काकांना कळत होतं की हे गाणं पुन्हा असं होणार नाही. वाजवणाऱ्याला ते कळतंच. शेवटच्या चार ठेक्यांपर्यंत ते नीट वाजवत आले आणि मनात म्हणत राहिले, राहू दे, आज राहू दे. मग त्यांना दिसलं, आठवं, नववं, आणि त्यानंतरचा रविवार. त्यांनी करंगळी शेजारच्या पट्टीवर ठेवली.

लेकीने हेडफोन काढले, खुंटीला लावले आणि बापाच्या हातांकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून ती काकांचे हात बघायला लागली. जेवताना चमचा धरलेला, किल्ली कुलपात घालताना, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवताना. चौथ्या रविवारी गाणं पुन्हा बिघडलं तेव्हा तिने घरी येऊन काकांच्या कोटाची बटणं स्वतः काढली, पाव स्वतः कापला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, बोटांना मुंग्या येतात का हो?"

तेव्हाच्या तेव्हा सांगायला हवं होतं. अहो, पण अकरा वर्षांनी कोणीतरी यांची बटणं काढत होतं. काका म्हणाले, "येतात अधूनमधून." खोट्याला आणखी एक मजला चढला.

पुढचं सगळं भराभर झालं. लेकीने नसांच्या डॉक्टरकडे नंबर लावला, तो मिळाला पुढच्या महिन्यातला. मग एका बुधवारी फोनवर म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. शांततारामच्या ओळखीचा एक पियानोवाला आहे. उरलेली तीन गाणी तो वाजवेल. आठवड्यात संध्याकाळी मशिनं बंद झाल्यावर करून टाकू. तुम्हाला त्रास नको."

काकांच्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. स्वतःच्या चाली, आणि त्या वाजवणार कोणी दुसराच. पण म्हणणार काय? "हो हो," ते म्हणाले, "दमतोच मी हल्ली."

"आणि रविवारी मी येतेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही एकटे नाही आहात."

पाहिजे होतं ते मिळालं होतं. फक्त ते आजारी माणसाला मिळालं होतं. त्या रविवारी ती आली, तिने खोली झाडली, जेवण केलं, पियानोकडे मात्र पाहिलंही नाही. काकाही त्याच्याजवळ गेले नाहीत, लेकीच्या देखत वाजवायची सोय कुठे उरली होती? दोघं समोरासमोर बसले. लेक हातांच्या व्यायामाचा कागद वाचून दाखवत होती आणि काका मुठी उघडत होते, मिटत होते. काकांना वाटलं, ती नव्हती तेव्हासुद्धा आपण इतके एकटे नव्हतो.

तोंडघशी पडायची वेळ पुढच्या शनिवारी आली. काकांची पियानोच्या बाकावरची उशी रेकॉर्डिंगच्या खोलीत राहिली होती, ती आणायला ते गेले. शांततारामने उशी दिली आणि पहिल्यांदाच दोनापेक्षा जास्त वाक्यं बोलला.

"लेकीला जरा समजवा, काका. असं जहाज परत येत नाही."

"कसलं जहाज?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" तो गडबडला. मग सांगून टाकलं. लेकीने झालेली सहा गाणी एका प्रवासी जहाजाच्या कंपनीला पाठवली होती. त्यांना ती आवडली. जहाजावरच्या बँडसोबत गायला अकरा महिन्यांसाठी बोलावलंय, दोन आठवड्यांत निघायचंय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "नाही म्हणणार आहे. म्हणाली, बाबांचे हात गेलेत, त्यांना बटण लावता येत नाही, मी अकरा महिने कशी जाऊ?"

काका उशी छातीशी धरून तीन मजले उतरले. खाली चाळीस मशिनं खडखडत होती आणि काकांना वाटत होतं आपल्या डोक्यातच खडखडतायत. ही पोरगी बारा वर्षं लोकांचे दात घासत होती ते या एका पत्रासाठी. आणि ते पत्र आलं तेव्हा बापाने काय केलं होतं, तर करंगळी घसरवायची तालीम. बस येईपर्यंत त्यांना धीर निघेना, ते चालतच सुटले.

लॅबमध्ये काका कधी गेलेच नव्हते. लांब टेबलं, प्रत्येकावर वाकलेला दिवा, ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, सगळीकडे पांढरी धूळ. लेक खिडकीजवळ बसून एका दाताला ब्रशने रंग देत होती. बापाला दारात बघून ती उठलीच. "काय झालं? चालत आलात? पडलात का कुठे?"

"माझे हात चांगले आहेत," काका म्हणाले.

"बसा आधी."

"मी मुद्दाम चुकत होतो. प्रत्येक वेळी. माझ्या हातांना काही झालेलं नाही. तू जहाजावर जा."

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती काकांना जास्त लागली. "शांततारामने सांगितलं ना तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "बाबा, मला पाठवण्यासाठी असं खोटं बोलू नका. मी बघितलंय की तुमचे हात. इतकी वर्षं वाजवलेला माणूस मुद्दाम तसं चुकूच शकत नाही."

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्यात शेवटी लांडगा खरा येतो. इथे तर शेवटी लांडगा नाहीच्चे म्हणून सांगत होते काका, आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. चूक इतकी बेमालूम केली होती की ती चूक नाही हे पटवणं त्यांनाच जमेना.

"उद्या सकाळी लवकर ये," ते उठत म्हणाले. "मग काय ते ठरव."

रविवारी लेक नऊ वाजताच आली. खांद्याला पिशवी, पिशवीत काकांसाठी औषधाच्या दुकानातून आणलेले दोन रबरी चेंडू, दाबायला. काका पियानोसमोर बसलेलेच होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांनी काही न बोलता सातवं गाणं सुरू केलं. पहिल्यांदा होतं तसं वाजवलं, मग दुप्पट लयीत, मग डाव्या हाताची चाल उजव्याला देऊन. करंगळी जिथे घसरायची त्या चार ठेक्यांवरून ते सात-आठ वेळा गेले, एकदाही बोट चुकलं नाही. मग त्यांनी तीच चूक करून दाखवली. पुन्हा बरोबर. पुन्हा चूक. पुन्हा बरोबर. मग हात मांडीवर ठेवले.

लेकीच्या हातात एक चेंडू तसाच होता.

"तिसऱ्या रविवारीसुद्धा?" तिने विचारलं.

काकांनी मान हलवली. हो.

"मी तशी कधी गायले नव्हते बाबा. मी बसमध्ये रडले होते त्या दिवशी. गाणं गेलं म्हणून नाही, तुमचे हात गेले म्हणून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुम्हाला ऐकू येत होतं ना मी काय गात होते ते?"

"येत होतं. म्हणूनच जास्त वाईट आहे ते."

"मग का?"

काकांनी पट्ट्यांकडे बघत सांगितलं. माणसाकडे बघून सांगणं त्यांना शक्य नव्हतं. "गाणी संपली असती. तू आली नसतीस. मी इथे तीन-तीन दिवस कोणाशी बोलत नाही. मला दुकानात पाव मागताना आवाज फुटत नाही. ते सांगायला लाज वाटली, म्हणून हे केलं. चुकलं माझं. हे मुद्दाम नाही, खरंच चुकलं."

ती अंग तिरकं करून खिडकीशी गेली. पाठ करून उभी राहिली. ती क्षमा करील असं काकांना वाटत नव्हतं आणि तिने तसं काही म्हटलंही नाही. वळली तेव्हा नाक लाल झालं होतं. पिशवीतून तिने आपलं छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं, पुस्तकांच्या चळतीवर ठेवलं आणि खाकरली.

"वाजवा," ती म्हणाली. "आठवं नि नववं तो दुसरा वाजवेल, त्याला शब्द दिलाय. हे आत्ता इथे घेऊ."

काकांनी वाजवलं. ती गायली. तिसऱ्या रविवारसारखं नाही झालं. आवाज रडल्यामुळे थोडा जड होता, एका ठिकाणी श्वास अपुरा पडला, आणि खालून कोणाच्या तरी गाडीचं दार आपटलं तेही त्यात आलं असणार. गाणं मजल्या-मजल्याने चढत शेवटापर्यंत गेलं आणि संपलं. दोघंही हलले नाहीत.

"दम लागतो तिथे मी कमी पडले," लेक म्हणाली. तिने यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं होतं. तिचा राग गेला नव्हता, पण गाण्यापुढे तो जरा बाजूला उभा होता. "अजून एकदा घ्यायचं?"

काकांना हवं होतं. अजून एकदा, मग आणखी एकदा, मग दुपारचं जेवण, मग संध्याकाळ. त्यांनी एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"नको," ते म्हणाले. "चांगलं झालंय. तू घरी जा आणि त्या लोकांना उत्तर लिही."

तिने यंत्र पिशवीत ठेवलं. चेंडू टेबलावर राहू दिले. दारात चपला घालताना ती थांबली. "पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी तुला सामान भरायचं असेल," काका म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिने नाही म्हटलं नाही. मग जिन्यावर तिची पावलं वाजली, खालचं दार लागलं. काकांनी पियानो बंद केला, तिचा कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. रविवारचे अजून अकराही वाजले नव्हते.